टॅप १७ अन् मे महिना : कार्ड ड्रायव्हरवरचे तुमचे प्रश्न

लिनक्सच्या कर्नलमधला मेमरी कार्ड चालवणारा ड्रायव्हर, त्याच्या कोडमध्ये लोकांनी सुचवलेले बदल, म्हणजे पॅच, मी तपासतो (रिव्ह्यू करतो), हे कळल्यापासून दर महिन्याला तेच प्रश्न येतात, फक्त गावाचं नाव बदलते. म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देऊन टाकतो राजेहो.

चेकपॅच स्क्रिप्टनं एकही वॉर्निंग दिली नाही. म्हणजे पॅच बरोबर आहे ना? (आर्वी)

नाही. ती स्क्रिप्ट टॅब, स्पेस अन् ओळीची लांबी पाहते, कोड चालतो का ते पाहत नाही.

कार्डच्या पाकिटावर १७० एमबी लिहिलंय, माझ्या बोर्डवर ८५ च्या वर जात नाही. ड्रायव्हरमध्ये बग आहे का? (दारव्हा)

बग नाही भाऊ, पाकिटावरची जाहिरात आहे. यूएचएस-वन या कार्डांच्या स्पीड स्टँडर्डमध्ये सगळ्यात वेगवान मोड एसडीआर१०४, त्याची हद्द सेकंदाला १०४ एमबी. १७० चा आकडा कंपनी स्वतःच्याच खास रीडरवर, स्टँडर्डच्या बाहेरच्या मोडमध्ये काढते अन् वर बारीक अक्षरात 'अप टू' लिहून मोकळी होते. तोही वाचायचा स्पीड. लिहायचा पाहिजे तर व्ही३० चा शिक्का पाहा, म्हणजे सलग लिहिताना कमीत कमी ३० एमबी. अन् दुकानदार म्हणाला म्हणून यूएचएस-टू कार्ड घेऊ नका, त्याला पिनांची दुसरी ओळ लागते, ती स्लॉटमध्येच नसली तर ते महागाचं कार्ड साध्या यूएचएस-वनसारखंच चालते. तुमचा स्लॉट कोणता ते बोर्ड बनवणाऱ्याला विचारा, कार्ड विकणाऱ्याला नाही.

एका व्हिडिओत सांगितलं की डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय काय जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाईल) 'नो-१-८-व्ही' टाका, एरर जाते. टाकलं, गेली. पॅच पाठवू का? (पुसद)

एररसोबत स्पीडही गेला, तो पाहिला का? १.८ व्होल्ट बंद केलं की यूएचएसचे मोड बंद, कार्ड ५० मेगाहर्ट्झवर, जास्तीत जास्त २५ एमबी. डीबगएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आतली माहिती दाखवते त्या फोल्डरमध्ये, एमएमसी०च्या (पहिल्या कार्ड स्लॉटच्या) आयओएस फाईलमध्ये क्लॉक अन् सिग्नल व्होल्टेज दोन्ही दिसतात, एकदा वाचून तर पाहा. बोर्डवर १.८ ची सोयच नसेल तर ती ओळ बरोबर आहे, तसं कारण लिहून पाठवा. सोय असेल तर बिमारी वेगळी आहे, व्होल्टेज पुरवणारा रेग्युलेटर जोडलेला नसेल नाहीतर व्होल्टेज बदलताना क्लॉक निदान ५ मिलिसेकंद थांबत नसेल. सर्किट न पाहता मी काही सांगणार नाही, हार्डवेअरवाल्याला सोबत घेऊन बसा.

ट्यूनिंग (डेटा नेमका कोणत्या क्षणी उचलायचा ते शोधणं) मधूनमधून फेल होत होतं म्हणून टॅप १७ (त्या क्षणांच्या पायऱ्यांपैकी १७ नंबरची) फिक्स केला. माझ्याकडच्या सगळ्या कार्डांवर मस्त चालते, तरी रिव्ह्यूत नको म्हणता, काहून? (वरोरा)

आता हे नीट ऐका, कारण असा पॅच पाहिला की माझं डोकंच फिरते. एसडीआर१०४ मध्ये क्लॉक २०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक फेरा ४.८ नॅनोसेकंदांचा, अन् त्यातल्या जेवढ्या वेळात डेटा स्थिर असतो तेवढ्यातच होस्टनं, म्हणजे बोर्डवरच्या कार्ड कंट्रोलरनं, तो उचलायचा. ती जागा शोधायला सीएमडी१९ ही कमांड असते. कार्ड ठरलेला ६४ बाइटचा नमुना पाठवते, होस्ट एकेका टॅपवर तो बरोबर आला का पाहतो, पास झालेल्यांची सलग पट्टी सापडली की तिच्या मधोमध बसतो. ही पट्टी कार्डागणिक बदलते, बोर्डागणिक बदलते अन् तापमानानंही सरकते. तुम्ही १७ ठरवला तो कुठं, कूलरसमोर ना? तोच बोर्ड मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात टिनाखाली बंद डब्यात ठेवा, बाहेरच ४५-४६ असते, डब्यात किती होईल बाप्पा! पट्टी सरकली की सीआरसी (डेटा बरोबर आला का ते तपासायचा आकडा) चुकते, लॉगमध्ये उणे ८४ हा एरर कोड येते, अन् कर्नल शहाणा आहे, तो उणे ८४ दिसताच पुन्हा ट्यूनिंग मागतो. पण तुमचं फंक्शन काय करते, तोच १७ परत लिहून शून्य परत करते, 'सगळं ठीक'. म्हणजे सुधारायचा एकुलता रस्ता तुम्हीच बुजवला. ट्यूनिंग फेल झालं तर एरर परत करा, खोटं शून्य नाही. सगळ्या टॅपचे पास-फेल छापून घ्या, गार बोर्डवर एकदा अन् तापलेल्या बोर्डवर एकदा, दोन्ही याद्या घेऊन चिप कंपनीच्या इंजिनिअरला विचारा की पट्टी एवढी अरुंद काहून. अन् एमस्लीप (कोडला काही मिलिसेकंद थांबवणारं फंक्शन) वाढवून पाहतो असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

पॅच पाठवून चार दिवस झाले, उत्तर नाही. परत पाठवू? (हिंगणघाट)

निदान आठवडा थांबा, मर्ज विंडो (पुढच्या कर्नलमध्ये नवे बदल घ्यायचा काळ) चालू असेल तर आणखी. तोवर मेल साध्या टेक्स्टमध्ये गेला का अन् पॅच कोणाकोणाला पाठवायचा ते सांगणाऱ्या गेट-मेंटेनर स्क्रिप्टनं दिलेली सगळी नावं घेतली का ते तपासा.

संत्र्याच्या बागेतल्या कॅमेऱ्याचं कार्ड अचानक रीड-ओन्ली झालं. पंधरा दिवस झाले, तोडणी झाली की पाहीन. ड्रायव्हरचा दोष आहे का? (वरूड)

पंधरा दिवस कशाची वाट पाहत आहात ताई? बहुतेक फ्लॅश संपत आली म्हणून कार्डानंच लिहिणं बंद केलं, ड्रायव्हर तिथं काही करू शकत नाही. फॉरमॅट करू नका, कोणी कितीही सांगो. आजच काढा, लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमनं पूर्ण इमेज (कार्डाची जशीच्या तशी कॉपी) घ्या, अन् एकदा जरी वाचताना अडकलं तर तिथंच थांबून डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवा. कॅमेऱ्यात तोवर दुसरं कार्ड टाका, पण आधी एफ३ या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमनं भरून तपासा, तिकडं डुप्लिकेट कार्डं बरीच येतात.