'मॅडव्हिलनी' हा अल्बम इतका वाखाणण्यासारखा आहे का?

प्रिय मित्रा,

तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. रॅपर एमएफ डूम आणि संगीतकार मॅडलिब यांचा २००४चा हा अल्बम 'अजरामर' आहे, हे एकच वाक्य तू चार तऱ्हांनी लिहिलं आहेस. कौतुकाला तो पात्र आहे, यात वाद नाही. पण कशामुळे, ते दाखवता आलं पाहिजे. डूम २०२० मध्ये गेला आणि नंतर आरत्या ओवाळणाऱ्यांची कमी राहिलेली नाही.

आधी बोल समोर न ठेवता सगळा सलग ऐक. २२ तुकडे, ४६ मिनिटं. म्हणजे सरासरी दोन मिनिटांचं एक गाणं. धृपद जवळपास नाहीच. सगळे समीक्षक हे धाडस म्हणून सांगतात, त्याने काय साधतं ते क्वचितच कुणी सांगतो. 'अकॉर्डियन' घे. डेडेलस या संगीतकाराच्या रचनेतून उचललेली एवढीशी सुरावट अखेरपर्यंत फिरत राहते. चार मिनिटं चालली असती तर जीव मेटाकुटीला आला असता. दोन मिनिटांच्या आत आटोपतं म्हणून पुन्हा लावावंसं वाटतं.

मग वही घे आणि 'फिगारो'च्या पहिल्या दोन ओळी लिहून काढ. 'रेस्ट इज एम्टी'ला 'बेस्ट एमसी', 'नो ब्रेन'ला 'नो चेन', 'क्लेव्हर नर्ड'ला 'एव्हर हर्ड'. शेवटचा शब्दच नाही, आख्खी ओळ ओळीशी जुळते. मोरोपंतांच्या आर्या वाचलेल्याला यातली गंमत वेगळी सांगायला नको. यमक इतकं घट्ट आवळलं की सहसा अर्थाची ओढाताण होते. इथे बढाई सरळ कळते: गळ्यात साखळी नसलेला सर्वोत्तम रॅपर. सगळीकडे हे जमलेलं नाही, काही ओळी निव्वळ यमकासाठी आल्या आहेत. त्याही लिही.

खरी परीक्षा जोडीची. अल्बमची कच्ची प्रत प्रकाशनाच्या वर्षभराहून अधिक आधी फुटली होती. त्यानंतर डूमने आपला आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित केला, आधीपेक्षा खालचा, संथ, किंचित आळसावलेला. दोन्ही प्रती आलटून पालटून ऐक, पण आवाजाची पातळी आधी सारखी कर. थोडं मोठं वाजणारं कानाला उगाचच सरस वाटतं. कच्च्या प्रतीत डूम तालावर चढून बोलतो. मॅडलिबचं बरंचसं संगीत ब्राझीलमधल्या हॉटेलच्या खोलीत, एसपी-३०३ सॅम्पलर (जुन्या ध्वनिमुद्रणातले तुकडे उचलून वाजवणारं यंत्र) आणि छोट्या टर्नटेबलवर झालेलं. जुन्या तबकड्यांचा तो धुरकट, दाट आवाज आणि चढा गळा एकाच जागेसाठी भांडतात. गळा खाली आला आणि दोघांना जागा मिळाली. एकाच्या कामामुळे दुसऱ्याचं काम बदललं, हा तुझ्या लेखाचा कणा.

इथे 'वॉच द थ्रोन' (२०११) हा दोन रॅपरांचा जोडअल्बम शेजारी ठेव. जे-झी आणि कान्ये वेस्ट 'ओटिस'मध्ये एकमेकांच्या तोंडचा शब्द झेलतात, तिथे जोडी दिसते. इतरत्र बऱ्याचदा दोन बडे लोक आपापलं कडवं म्हणून मोकळे होतात. 'वॉच द थ्रोन'च्या पहिल्याच आठवड्यात ४,३६,००० प्रती खपल्या आणि 'मॅडव्हिलनी' तेव्हा बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या खपाच्या यादीत १७९च्या वर गेला नाही, हा आकडा पुरावा म्हणून वापरू नकोस. कमी खप म्हणजे थोर कला, हा तर्कही तितकाच पोकळ.

दोषांना परिच्छेदभर जागा दे. 'अमेरिकाज मोस्ट ब्लंटेड' गांजाचा विनोद जवळपास चार मिनिटं ताणतं, आणि इतक्या आटोपशीर अल्बममध्ये ते जास्तच खुपतं. 'डू नॉट फायर!' काढलं असतं तर फार कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

'फॅन्सी क्लाउन' मात्र वगळू नकोस. तुझ्या मसुद्यात त्याचं नावही नाही. तिथे डूम आपल्याच व्हिक्टर व्हॉन या दुसऱ्या पात्राच्या तोंडून प्रेयसीवर भडकतो, कारण ती एका मुखवटेवाल्याबरोबर फिरते. तो मुखवटेवाला म्हणजे डूमच. हे एका वाक्यात सांग, मग वाचक स्वतःच गाणं लावेल.