पुढे तब्येत ढासळली तर काय करायचं, हे रुग्णाशी बोलायला कर्मचाऱ्यांना कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या संस्थेत परिचारिका, काळजीवाहक, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेवक मिळून पंचवीसेक जण आहेत. वयोवृद्ध आणि दीर्घ आजारी माणसांशी पुढच्या काळजीबद्दल बोलायला ते धजावत नाहीत. आणि तुम्हाला वरून सांगण्यात आलंय की दोन तासांचं एक सादरीकरण करून टाका. ते पुरेल का, आणि नसेल पुरत तर काय करावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी चौदा वर्षं पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करून आधार देणाऱ्या सेवेत, परिचारिका म्हणून काम केलं आणि गेली सात वर्षं याच विषयाचं प्रशिक्षण देते. सादरीकरणाने त्यांना विषय कळेल, पण बोलता येणार नाही. पोहण्यावरचं व्याख्यान ऐकून कुणी पाण्यात उतरत नाही, तसंच आहे हे.

आधी एक जुनी गोष्ट सांगते, कारण मी शिकवते ते सगळं तिथून सुरू होतं. रात्रपाळी होती. फुप्फुसाचा जुना आजार असलेले एक आजोबा होते, आदल्या वर्षी दोनदा आयसीयूत जाऊन आलेले. पहाटे तीनच्या सुमारास मी त्यांचं नेब्युलायझर लावत असताना ते म्हणाले, "सिस्टर, पुन्हा ती नळी घालायची वेळ आली ना, तर..." मी त्यांचा हात थोपटला आणि म्हटलं, "असं काही मनात आणू नका आजोबा, झोपा बघू आता." ते झोपले. बारा-पंधरा दिवसांनी ते व्हेंटिलेटरवर होते, आणि बाहेर त्यांचा मुलगा आणि मुलगी एकमेकांशी भांडत होते. बाबांना काय हवं होतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते सांगायला त्यांनी सुरुवात केली होती, ती माझ्याजवळ. त्या वाक्याचा शेवट काय होता, ते मला आजही माहीत नाही.

म्हणून माझ्या वर्गातला पहिला अर्धा तास असा जातो: प्रत्येकाने आठवून लिहायचं की कुणी रुग्ण "आता माझं काही खरं नाही", "मी आता जास्त दिवसांचा सोबती नाही", "देवाने लवकर न्यावं" असं म्हणाला तेव्हा आपण काय उत्तर दिलं. कागद गोळा करून नावं न घेता वाचले की जवळजवळ सगळे सारखेच निघतात. "असं काय बोलता?" "शुभ बोलावं." "अजून नातवाचं लग्न बघायचंय तुम्हाला." ही उत्तरं मायेपोटी आलेली असतात, हे मी गटाला आवर्जून सांगते. पण त्यांनी दार बंद होतं. रुग्णाला कळतं की या माणसाला हे ऐकवत नाही, आणि तो पुन्हा विषय काढत नाही.

त्या जागी काय म्हणायचं? "असं का वाटतंय तुम्हाला?" एवढंच, आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्ण संवादाच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते असं दिसलं. मी वर्गात घड्याळ लावून सगळ्यांना नुसते १८ सेकंद शांत बसवते. लोक अस्वस्थ होतात, हसतात, खुर्च्या सरकवतात. मग म्हणते की आजारी माणसाला मनातलं ओठांवर आणायला याहून जास्त वेळ लागतो.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करा. बऱ्याच जणांना वाटतं की हे संभाषण म्हणजे "हृदय बंद पडलं तर छाती दाबायची की नाही" एवढं विचारून फॉर्मवर खूण करणं. तो प्रश्न कधीतरी येतो, आणि तो वैद्यकीय निर्णय डॉक्टरांनी समजावून सांगायचा असतो. आधी समजून घ्यायचं असतं ते माणूस काय जपू पाहतो ते. बोस्टनच्या एरियाडनी लॅब्जने गंभीर आजारातल्या संभाषणासाठी एक मार्गदर्शिका बनवली आहे, तिच्यातले प्रश्न मला फार उपयोगी पडतात. मी ते आपल्या भाषेत असे विचारते: तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय समजलंय? त्याबद्दल किती जाणून घ्यायला आवडेल? तब्येत आणखी बिघडली तर तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय असेल? कशाची भीती वाटते? बळ कशातून मिळतं? कोणती गोष्ट करता आली नाही तर ते जगणं तुम्हाला नकोसं होईल? थोडा जास्त काळ मिळावा म्हणून किती सोसायची तयारी आहे? आणि घरच्यांना यातलं किती माहीत आहे?

शेवटच्या प्रश्नावर मी रेंगाळते. घरच्यांना सगळं ठाऊक असतंच, असं आपण धरून चालतो. रुग्णाला काय हवं असेल हे जवळच्यांना किती ओळखता येतं, हे तपासणाऱ्या १६ अभ्यासांचा २००६ साली एकत्र आढावा घेतला गेला. रुग्णाच्या वतीने निर्णय घेणाऱ्या जवळच्या माणसांचा अंदाज ६८ टक्के वेळा बरोबर आला, म्हणजे तीनातला जवळजवळ एक चुकला. आणि ही अगदी जवळच्या माणसांची गोष्ट आहे. म्हणून शक्य असेल आणि रुग्णाची हरकत नसेल तेव्हा हे संभाषण त्या माणसाला शेजारी बसवूनच करावं.

आता प्रत्यक्ष सराव. तीन-तीन जणांचे गट करा: एक कर्मचारी, एक रुग्ण, एक निरीक्षक. रुग्णाची भूमिका करणाऱ्याला चार ओळींची चिठ्ठी द्या, जिच्यातली एक गोष्ट कर्मचाऱ्याला माहीत नसेल. उदाहरणार्थ, रुग्णाच्या बायकोचा शेवट आयसीयूत झाला होता आणि त्याने ते सगळं पाहिलं होतं. दहा मिनिटं बोलू द्या. कर्मचारी अडकला की त्याने स्वतः हात वर करून थांबवायचं, गटाला विचारायचं आणि त्याच वाक्यापासून पुन्हा सुरू करायचं. मागे जाऊन पुन्हा करून बघता येणं हीच या सरावाची खरी ताकद आहे, खाटेपाशी ती सवलत नसते. निरीक्षकाने चूक-बरोबर सांगू नये. कर्मचारी काय म्हणाला आणि त्यावर रुग्णाचा चेहरा कसा झाला, एवढंच सांगावं.

सरावात एक क्षण हमखास येतो. "रुग्ण" रडू लागतो आणि कर्मचारी घाईघाईने माहिती देऊ लागतो: औषधं बदलू, डॉक्टरांशी बोलते, तपासणी करू. भावनेला माहितीने उत्तर दिलं की ती आत दडपली जाते. आधी दिसतंय ते शब्दांत मांडायचं: "हे सगळं तुम्ही एकट्यानेच मनात ठेवलं होतं, असं दिसतंय." पुढची माहिती नंतर, तीही विचारून. "याबद्दल आम्हाला जे माहीत आहे ते सांगू का?" असं विचारायचं, थोडंसं सांगायचं आणि मग "मी सांगितलं ते तुम्हाला कसं समजलं?" असं पुन्हा विचारायचं.

काही वाक्यं मी वर्गात फळ्यावर लिहून खोडते. "आता करण्यासारखं काही नाही" हे त्यातलं पहिलं. करण्यासारखं शेवटच्या तासापर्यंत असतं: दुखणं, धाप, कोरडं तोंड, भीती, सोबत. "तुम्हाला सगळे उपचार हवेत का?" हे दुसरं. याला कोण नाही म्हणेल? "मी पण आशा करतेय की तुम्ही यातून सावराल, आणि तसं नाही झालं तर काय, याचीही तयारी आपण करून ठेवू या" असं बोललं तर आशा काढून घ्यावी लागत नाही. लोकांना सगळ्यात मोठी भीती याचीच असते की विषय काढला तर रुग्ण खचेल. बहुतेकांच्या डोक्यात तो विषय आधीपासूनच घोळत असतो, आणि कुणीतरी विचारल्यावर ते निवांत होतात, हा माझा अनुभव आहे. ज्यांना बोलायचं नसेल त्यांचा नकार तितक्याच आदराने घ्यायला शिकवा. "आज नको" हेही पूर्ण उत्तर आहे.

आजार रुग्णापासून लपवून ठेवायला नातेवाइकांनीच सांगितलं असेल, तर कर्मचाऱ्यांची फार ओढाताण होते. अशा वेळी नातेवाइकांशी वाद घालू नये. "त्यांना कळलं तर काय होईल असं वाटतंय तुम्हाला?" हे विचारावं आणि पुढे सांगावं की मी स्वतःहून काही सांगणार नाही, पण त्यांनी थेट विचारलं तर खोटंही बोलणार नाही. हा प्रसंग सरावात नक्की घ्या.

अभ्यास काय सांगतात, तेही प्रामाणिकपणे सांगते, कारण व्यवस्थापन तुम्हाला विचारेल. १९९५ साली अमेरिकेत सपोर्ट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच रुग्णालयं, ९,१०५ अत्यवस्थ रुग्ण. ज्या रुग्णांना सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न) नको होता, त्यांची ती इच्छा त्यांच्या डॉक्टरांपैकी फक्त ४७ टक्क्यांना माहीत होती. मग खास प्रशिक्षित परिचारिका नेमून माहिती डॉक्टरांपर्यंत पोचवली, तरी परिस्थिती सुधारली नाही. याउलट २०१० साली मेलबर्नच्या एका रुग्णालयात ८० आणि त्यापुढच्या वयाच्या ३०९ रुग्णांपैकी निम्म्यांशी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी नीट बसून बोलणं केलं, घरच्यांना सोबत घेऊन. पुढच्या सहा महिन्यांत जे वारले, त्यांच्यात इच्छा माहीत असून ती पाळली गेल्याचं प्रमाण ८६ टक्के होतं, बोलणं न झालेल्यांच्यात ३० टक्के. मागे राहिलेल्या नातेवाइकांमध्येही ताण, चिंता आणि नैराश्य कमी आढळलं.

आणि एक निकाल मला स्वतःला टोचणारा आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात शिकाऊ डॉक्टर आणि शिकाऊ नर्स प्रॅक्टिशनर (तपासणी आणि उपचारही करणाऱ्या, जास्त शिकलेल्या परिचारिका) यांना अभिनेत्यांसोबत आठ सत्रांचं उत्तम प्रशिक्षण दिलं, तरी त्यांच्या रुग्णांनी संवादाला आधीपेक्षा जास्त गुण दिले नाहीत. उलट रुग्णांमधली नैराश्याची लक्षणं किंचित वाढलेली दिसली. हे वाचल्यावर मी माझी पद्धत बदलली. वर्गात छान बोलणारी व्यक्ती वॉर्डात एकटी पडते, तिथे कुणी पाहत नाही, कुणी विचारत नाही. म्हणून आता वर्ग झाल्यावर चार-सहा आठवडे मी प्रत्येकाबरोबर निदान एका खऱ्या संभाषणाला बसते. पूर्ण वेळ गप्प राहते आणि नंतर दोघी चहाला बसून त्यावर बोलतो. माझ्या मते खरं शिकणं तिथेच होतं.

काळजीवाहकांना या प्रशिक्षणातून वगळू नका. "ते काम डॉक्टरांचं" असं म्हणून त्यांना बाहेर ठेवलेलं मी पाहिलंय. पण अंघोळ घालताना, केस विंचरताना, रात्री कूस बदलताना माणूस जे बोलतो ते राउंडला आलेल्या दहा जणांसमोर बोलत नाही. त्यांनी निर्णय समजावून सांगायचे नाहीत. ऐकायचं, एखादा प्रश्न विचारायचा, आणि रुग्णाला "हे मी सिस्टरना सांगितलं तर चालेल ना?" असं विचारून पुढे पोचवायचं. त्यासाठी केस पेपरमध्ये एक ठरलेली जागा हवी, जिथे रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहिले जातील आणि पाळी बदलताना वाचले जातील. "रुग्ण निराश आहे" असं लिहिलेलं कुणाच्याच उपयोगाचं नसतं. "मला पुन्हा नळी नको, पण मुलगी येईपर्यंत थांबायचंय" हे वाक्य मध्यरात्री अनोळखी डॉक्टरलाही दिशा देतं.

स्कॉटलंडमध्ये या कामाला आता फ्यूचर केअर प्लॅनिंग म्हणतात आणि तिथे रेड-मॅप नावाचा सहा पायऱ्यांचा आराखडा वापरतात: बोलायची तयारी आहे का, माणसाची अपेक्षा काय, आजाराबद्दल काय माहीत आहे, त्याला काय महत्त्वाचं, कशाचा उपयोग होईल आणि कशाचा नाही, आणि शेवटी योजना. नवख्या माणसाला आधार म्हणून तो चांगला आहे. कार्ड हातात धरून प्रश्न वाचू मात्र देऊ नका. कायदा देशागणिक वेगळा असतो, त्यामुळे उपचारांबद्दलचं लेखी इच्छापत्र आणि रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती यांवर जाणकाराचं एक छोटं सत्र ठेवा.

आणि तुमच्या गटात कुणाची आई गेल्या महिन्यात गेली असेल. सुरुवातीलाच सांगा की कुणीही, केव्हाही, कारण न देता बाहेर जाऊ शकतं, आणि कुणी बाहेर गेलं तर त्याच्यामागे कुणी जायचं हे आधी ठरवून ठेवा.

खरोखर दोनच तास मिळणार असतील, तर सादरीकरण करूच नका. अर्धा तास आपण दिलेली उत्तरं आठवून लिहायच्या त्या कागदांचा, तास-सव्वा तास तिघांच्या गटात सराव, आणि उरलेल्या वेळात प्रत्येकाने पुढच्या आठवड्यात कोणत्या एका रुग्णापाशी बसणार ते ठरवायचं. मग महिन्याभराने त्याच पंचवीस जणांना तासभर पुन्हा एकत्र आणा आणि काय झालं ते विचारा. तो महिन्याभरानंतरचा तास मंजूर करून घेतल्याशिवाय पहिल्या दोन तासांना हो म्हणू नका.