होम लोनमध्ये जादा पैसे भरले तर हप्ता कमी करावा की मुदत?

भाऊ, तुमचं कर्ज २५ लाखांचं, ८.५ टक्के फ्लोटिंग (म्हणजे बदलत्या) दराचं, २० वर्षांचं, आणि एक वर्ष भरून झालंय. धरणगावच्या शेतातला कापूस विकून लाखभर उरलेत. ते जळगावच्या घराच्या कर्जात भरायचेत आणि बँक विचारतेय, हप्ता कमी करू की मुदत?

मुदत कमी करा. तुमचा हप्ता साधारण २१,७०० रुपये. पहिल्या हप्त्यातले १७,७०८ व्याजातच गेले, मुद्दलाला लागले जेमतेम ४,०००. वर्षभर भरूनही मुद्दल उतरलं ते पन्नासेक हजारांनी. आता लाख रुपये मुद्दलात टाकून हप्ता तोच ठेवलात, तर शेवटचे २१ हप्ते उडतात आणि दर हाच राहिला तर साधारण ३ लाख ६० हजारांचं व्याज वाचतं. तेच लाख भरून हप्ता कमी करून घेतलात, तर तो महिन्याला ८८५ रुपयांनी उतरतो आणि शेवटपर्यंत मिळून वाचतो एखादा लाख. घरात महिनाअखेरीला ओढाताण होत असेल तरच त्या ८८५ला अर्थ आहे.

गडबड होते ती पैसे भरताना. मोबाइलवरून कर्जखात्यात रक्कम टाकून मोकळं होऊ नका. काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्यांचा अॅडव्हान्स म्हणून धरली जाते. चार महिने हप्ता कापला जात नाही आणि माणूस खूश, की कर्ज उतरलं! शाखेत लेखी अर्ज द्या: 'पार्ट पेमेंट, रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.' दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. आठवड्याने स्टेटमेंट काढा, मुद्दलाची बाकी त्याच तारखेला पूर्ण एक लाखाने उतरलेली दिसली पाहिजे. नवं शेड्यूल मागून शेवटच्या हप्त्याची तारीख बघा.

फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर यासाठी दंड नाही. फिक्स्ड असतं तर मंजुरीपत्र वाचावं लागलं असतं.

पण त्याआधी एक बघा. सोनं तारण ठेवलेलं असेल तर आधी ते सोडवा, त्याचा दर बहुतेक वेळा होम लोनपेक्षा चढा असतो. पीककर्ज मुदतीत फेडलं तर आपल्याकडे ३ लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. ते थकवून घराचं कर्ज फेडणं म्हणजे उलटा व्यवहार. आणि मे-जूनमध्ये बियाणं, खत, मजुरी लागणारच. साध्या होम लोनमध्ये भरलेले पैसे परत काढता येत नाहीत, तेवढी रक्कम बाजूला ठेवूनच उरलेली भरा. ओव्हरड्राफ्टवालं गृहकर्ज (ज्यात भरलेले जादा पैसे गरजेला परत काढता येतात) असेल तर ही अडचण नाही, पण त्याचा दर थोडा जास्त असतो.

व्याज घटलं की त्यावरची करसवलत घटते, ती काळजी नोकरदारांनी करावी, तीही जुन्या करपद्धतीत असतील तर. नुसतं शेतीचं उत्पन्न असेल तर तो प्रश्नच नाही.

कर्ज पूर्ण फिटलं की बँकेने मूळ कागद ३० दिवसांत द्यायचे असतात, तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. नो ड्यूज (काही बाकी नाही असा बँकेचा दाखला) घेऊन सिटी सर्व्हेत प्रॉपर्टी कार्डावरचा बोजा कमी करण्याचा अर्ज मात्र तुम्हीच द्या. तो राहिला तर घर विकताना आडवा येतो.