सही तर झाली. आता गाडीचे काय करावे?

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी मी नऊ वर्षे वापरलेली एक पेट्रोल गाडी तिच्या मालकाकडून थेट विकत घेतली. वीस-पंचवीस मिनिटे चालवून पाहिली, तेव्हा कुठे काही खटकले नाही. व्यवहाराच्या कागदावर ‘गाडी आहे त्या स्थितीत घेतली असून यापुढे तिच्याविषयी कोणतीही तक्रार राहणार नाही’ असे वाक्य होते आणि त्याखाली मी सही केली. तिसऱ्या आठवड्यात एका चढावर तापमानाचा काटा लाल रेषेपर्यंत गेला. तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होते, सकाळी गाडी सुरू करताना बराच वेळ पांढरा धूर येतो, पण गाडीखाली एक थेंबही सांडलेला दिसत नाही. गॅरेजमध्ये हेड गॅस्केट गेल्याचे आणि इंजिन खोलावे लागेल असे सांगितले. खर्चाचा अंदाज मी दिलेल्या किमतीच्या निम्म्याहून थोडा अधिक आहे. विकणारे गृहस्थ म्हणतात, ‘तुम्ही पाहून घेतलीत, आता माझा संबंध नाही.’ घरात रोज हाच विषय निघतो आणि सगळे माझेच चुकले असे मला वाटत राहते. दुरुस्ती करावी, तशीच विकून टाकावी, की त्यांच्या मागे लागावे?

उत्तर : पहिली विनंती अशी की, नीट तपासणी होईपर्यंत ही गाडी आपण चालवू नये. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामधली पातळ पट्टी. सिलिंडरमधला वायू, ऑइल आणि कूलंट यांना ती आपापल्या वाटेत ठेवते. ती फुटली की कूलंट सिलिंडरमध्ये उतरते आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडते, म्हणूनच आपल्याला धूर दिसतो आणि जमिनीवर थेंब दिसत नाही. गॅस्केट स्वतः फारसे महाग नसते. महाग पडते ती मजुरी, कारण तिथवर पोहोचण्यासाठी इंजिनाचा वरचा सगळा भाग उतरवावा लागतो. मात्र तापणारे इंजिन पाणी ओतून पुढे रेटत राहिले, तर ॲल्युमिनियमचे हेड वाकते, कधी त्याला चीर जाते, आणि आज हातात असलेला अंदाज उद्या कामाचा राहत नाही.

दुसरे असे की, गॅरेजने सांगितलेला दोष खरा आहे हे सिद्ध करून घ्यावे. आपण लिहिलेली लक्षणे हेड गॅस्केटकडेच बोट दाखवतात, तरीही गाडी तापण्याची स्वस्त कारणेही असतात : बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट करून देणारी झडप), न फिरणारा पंखा, रेडिएटरचे ढिले झाकण, चोंदलेला रेडिएटर. पांढरा धूरही थंड सकाळी साध्या दवामुळे काही क्षण येऊ शकतो, आणि ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा दुधाळ थर केवळ थोड्या अंतराच्या फेऱ्यांमुळेही साचतो. त्यामुळे नुसते झाकण काढून दाखवणे हा पुरावा नव्हे. यासाठी एक सोपी चाचणी आहे. रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या तोंडावर एक काचेची नळी बसवून तिच्यातील निळ्या द्रवातून आतली हवा ओढली जाते. पेट्रोल इंजिनाच्या ज्वलनातला वायू कूलंटमध्ये मिसळत असेल, तर तो निळा द्रव डोळ्यांदेखत पिवळा पडतो. मी स्वतः ही चाचणी होताना उभे राहून पाहिली आहे आणि दोन मिनिटांत रंग बदलताना पाहिल्यावर मनातली शंका जशी फिटते, तशी कोणाच्या शब्दाने फिटत नाही. जोडीला प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्यावे आणि शीतन यंत्रणेवर दाब देऊन तो टिकतो का हे पाहावे. ही कामे शक्यतो दुसऱ्या, दुरुस्तीच्या कामात ज्याचा काही लाभ नाही अशा मेकॅनिककडून करावीत आणि निष्कर्ष सही-तारखेसह लेखी घ्यावा. झाकण उघडण्याआधी इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे, हे आपल्याला ठाऊक असेलच, तरी लिहितो, कारण गरम रेडिएटर उघडून भाजलेली माणसे मी पाहिली आहेत.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट करून घ्यावी, जी बहुतेकांच्या हातून राहून जाते. आपल्या गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून त्यात साठलेले दोषांक (बिघाडांचे सांकेतिक क्रमांक), आणि विशेषतः ‘दोषांक पुसल्यापासून गाडी किती चालली’ हा आकडा वाचून त्याचे छायाचित्र काढावे. ही तपासणीची सोय अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून सक्तीची झाली आणि नंतर इतरत्रही पसरली, त्यामुळे नऊ वर्षांच्या गाडीत ती असण्याचा संभव मोठा आहे. समजा, गाडी ताब्यात घेतल्यापासून आपण ती १,१०० किलोमीटर चालवली आहे आणि स्कॅनर १,११५ दाखवतो. याचा अर्थ आपण गाडी पाहायला जाण्याच्या अगदी आधी कोणीतरी दोषांक पुसून इंजिनाचा इशारा देणारा दिवा घालवला असावा. काही गाड्यांत बॅटरी काढल्यानेही हा आकडा शून्यावर येतो, म्हणून एवढ्यावरून कोणावर आरोप करणे योग्य होणार नाही; पण इतर पुराव्यांच्या रांगेत तो मोलाचा ठरतो. गॅरेजमध्ये सवयीने आधी दोषांक पुसून मग काम सुरू करतात, आणि पुसल्यावर तो आकडा कायमचा जातो. तेव्हा हात लावण्याआधी सांगून ठेवावे. रेडिएटरमध्ये तपकिरी, चिकट गाळ किंवा चकाकणारे कण दिसले तर त्यांचेही छायाचित्र घ्यावे : गळती तात्पुरती बुजवणारे रसायन कोणीतरी ओतले असल्याची ती खूण असते. असे रसायन काही आठवडे काम भागवते आणि नंतर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवून टाकते.

आता ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांविषयी. या शब्दांचा अर्थ एवढाच की, विकणारा पुढच्या बिघाडांची हमी देत नाही. ठाऊक असलेला दोष विचारल्यावर नाकारण्याची किंवा मुद्दाम झाकून ठेवण्याची मुभा त्यातून मिळते, असे समजू नये. हमी न देणे आणि खोटे सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक ठिकाणचे कायदेही त्यांत फरक करतात. म्हणून जुने संदेश, जाहिरातीचा मजकूर, फोनवरच्या बोलण्यानंतर आपण कोणाला पाठवलेली टिपणे, हे सर्व शोधावे. ‘इंजिन कधी खोललेले नाही’, ‘गाडी तापत नाही’ असे एखादे वाक्य लेखी सापडले आणि उतरवलेल्या हेडवर जुन्या दुरुस्तीच्या खुणा किंवा ते रसायन निघाले, तर आपली बाजू बदलते. आधीच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी मिळाल्या तर त्याहून उत्तम, कारण दोष आधीपासून त्यांच्या कानावर होता का, हे त्या नोंदी सांगतात. विकणारा व्यवसायाने गाड्यांचा व्यापारी असता, तर त्याच्यावरची जबाबदारी अनेक ठिकाणी अधिक असते. खासगी व्यवहारात आपला दावा प्रामुख्याने लपवाछपवी सिद्ध करण्यावर उभा राहतो. हे पुरावे हाती नसतील, तर त्या गृहस्थांच्या मागे महिनोन्‌महिने धावण्यात आपला वेळ आणि मनःशांती दोन्ही जातील, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरावे असतील, तर दुरुस्तीपूर्वी त्यांना लेखी कळवून ठरावीक मुदतीत गाडी पाहण्याची संधी द्यावी, उतरवलेले भाग फेकू देऊ नयेत, आणि मग स्थानिक वकिलाचा किंवा ग्राहक मार्गदर्शन केंद्राचा सल्ला घ्यावा.

राहिला मुख्य प्रश्न, म्हणजे दुरुस्ती करावी की नाही. येथे आपण गाडीसाठी किती दिले हे कृपया बाजूला ठेवावे. ते पैसे गेले. ते परत येत नाहीत आणि दुरुस्तीच्या निर्णयात त्यांना मत नसते. समजा आपण १०० दिले. चांगल्या अवस्थेत ही गाडी आज बाजारात ९५ ला विकली जाईल, दोष सांगून तशीच विकली तर ४० येतील आणि दुरुस्तीला ५५ लागतील. ९५ मधून ५५ वजा केले की ४० उरतात, म्हणजे दुरुस्त करणे आणि तशीच विकणे यांत काडीचाही फरक नाही! आपले प्रकरण असे नेमके काठावर आहे, आणि म्हणूनच आपल्याला निर्णय जड जात असावा. अशा वेळी कौल देतात त्या बाकीच्या गोष्टी. तळाला गंज नाही, गिअर सहज पडतात, क्लच, ब्रेक आणि सस्पेन्शन ठीक आहे असे तपासणीत दिसले, तर मी दुरुस्तीच्या बाजूने आहे, कारण त्याऐवजी दुसरी जुनी गाडी घेतली तर तिच्या पोटातले दोष पुन्हा अंधारातच असतील, आणि हिचा तर एक-एक भाग आता तुम्हाला माहीत झाला असेल. याउलट, गिअरबॉक्स किंवा गंजाचेही मोठे काम दिसत असेल, तर थांबावे.

दुरुस्ती ठरली तर संपूर्ण काम एका शब्दात गॅरेजच्या हवाली करू नये, टप्पे पाडावेत. पहिल्या टप्प्यात फक्त हेड उतरवायचे. मग ते धुऊन त्याच्या सपाट बाजूवर पोलादी पट्टी तिरकी-आडवी ठेवतात आणि पट्टीखाली पातळ गेज सरकवून पाहतात. वाक किती चालेल हे कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते आणि ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजले जाते. थोडा वाक असेल तर फेसिंग करून, म्हणजे ती बाजू यंत्रावर घासून सपाट करून, निभावते, पण त्यालाही मर्यादा असते. चीर आहे का, हे दाब देऊन तपासावे. इथे आपल्या हिशोबाचा आकडा हातात असला पाहिजे : वरच्या उदाहरणात ५५ ही कमाल मर्यादा आहे, आणि ‘याच्या पुढे जात असेल तर आधी फोन करा’ हे वाक्य कामाच्या कागदावर लिहून घ्यावे. अशा कामात आत काय निघेल हे कोणीच आधी सांगू शकत नाही, म्हणून अंदाजाच्या साधारण पाचव्या भागाइतकी रक्कम वेगळी धरावी. हेड उतरवलेली गाडी तशीच विकायची झाली तर ४० देखील येत नाहीत, हा धोका पहिल्या टप्प्यातच असतो, तोही विचारात घ्यावा. आणि हेड उघडलेच असेल तर टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) आणि कूलंट फिरवणारा वॉटर पंप त्याच वेळी बदलावेत, कारण नंतर त्यांच्यासाठी तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते.

आपण स्वतःला दोष देता आहात, ते वाचून वाईट वाटले. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवले की, विकणाऱ्याला गाडीविषयी जितके ठाऊक असते तितके घेणाऱ्याला नसते आणि त्यामुळे सगळा बाजारच बिघडतो. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना इतर दोघांसह मिळाले, त्यात या विचाराचा मोठा वाटा होता. घरातल्या मंडळींना हा परिच्छेद जरूर वाचून दाखवावा.

प्रश्न : माझ्याही गाडीत असाच खर्च निघाला. विकणाऱ्याने माणुसकीने थोडी रक्कम देऊ केली आहे, पण ‘यापुढे कोणतीही मागणी करणार नाही’ असे लिहून मागतात. घ्यावी का?

उत्तर : रक्कम पुरेशी आहे की नाही, हे कळण्याआधी सही करू नये. इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडल्यानंतरच खरा खर्च समजतो, आणि त्या कागदावरची सही नंतर मागे घेणे अवघड होते. तेव्हा त्यांना विनयाने सांगावे की, आपण त्यांच्या पुढाकाराबद्दल आभारी आहात, पण तपासणीचा लेखी अहवाल हाती येईपर्यंत मुदत हवी. तसेच, पुढे मागणी न करण्याची अट फक्त ज्या दोषाबद्दल बोलणे झाले आहे त्यापुरती मर्यादित ठेवणारा मजकूर सुचवावा, उदाहरणार्थ ‘क्लचच्या दुरुस्तीपोटी’. स्वतःहून पैसे देऊ करणाऱ्या माणसाशी कडवटपणे बोलू नये. त्याने नकार दिला असता तरी चालले असते, हे ध्यानात असावे.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वेळी धक्का देते. गॅरेज म्हणते, संपूर्ण गिअरबॉक्स बदला. खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

उत्तर : एवढ्या मोठ्या कामाआधी छोटी कामे संपवावीत. गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी पाहण्याची रीत प्रत्येक गाडीत वेगळी असते. अनेक गाड्यांत ऑइल ठरावीक तापमानाला असताना आणि इंजिन चालू ठेवून ती पाहावी लागते, त्यामुळे चुकीच्या पद्धतीने पाहिल्यास पातळी बरोबर असल्याचे वाटते. ऑइल काळपट असून त्याला जळका वास येत असेल आणि तळाच्या चुंबकावर धातूचे मोठे तुकडे सापडले, तर आतली झीज खरी आहे. बारीक, राखेसारखा थर मात्र बहुतेक गिअरबॉक्समध्ये सापडतो. त्याने घाबरून जाऊ नये. ऑइल स्वच्छ असेल, तर गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हची (विजेवर उघडझाप होणाऱ्या झडपांची) आणि त्यांच्या वायरिंगची तपासणी केवळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेच काम करणाऱ्या माणसाकडून करावी. एखादा व्हॉल्व्ह बदलून धक्का थांबल्याची उदाहरणे आहेत, आणि नुसत्या अंदाजावर गिअरबॉक्स बदलून धक्का तसाच राहिल्याचीही आहेत. बदलायचाच झाला तर वापरलेल्या गिअरबॉक्सवर किती महिन्यांची आणि किती किलोमीटरची हमी मिळते, आणि ती हमी मजुरीलाही लागू आहे का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पावतीवर लिहून घ्यावे.