फ्रेंच चित्रकार ग्युस्ताव्ह कायबोतच्या 'लाकडी जमीन तासणारे' या चित्रामागची गोष्ट काय? ते खरंच इंप्रेशनिस्ट, म्हणजे क्षणाचा उजेड टिपणाऱ्या शैलीतलं, आहे का?

गोष्ट तशी छोटी. 1875 साली सलोंच्या, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाच्या, परीक्षकांनी चित्र नाकारलं, कारण विषय हलका वाटला. विवस्त्र व्हीनस चालते, पण पॅरिसच्या घरात गुडघ्यांवर बसून जमीन तासणारे उघडे मजूर चालत नाहीत! कायबोतने 1876 मध्ये ते इंप्रेशनिस्टांच्या दुसऱ्या प्रदर्शनात लावलं. तिथे लेखक झोलाने नावं ठेवली, म्हणे फार अचूक, काचेसारखं घोटीव. पुढे खाणकामगारांवर कादंबरी लिहिणारा झोला, बरं का.

मला हे चित्र झोंबतं, कारण माझे वडील सुतार. चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षी सबमिशनला मी अण्णांनाच काढलं होतं, सागाच्या फळीवर वाकून रंधा मारताना. सरांनी ते वर्गासमोर उचलून धरलं, "फर्निचरच्या दुकानाची पाटी आहे का?" म्हणाले आणि सगळ्यांच्या मागे ठेवून दिलं. 100 पैकी 38. मला वाटलं होतं, किमान खांद्याच्या रेखाटनाबद्दल तरी बोलतील.

गेल्या दिवाळीत अण्णांना मोबाईलवर कायबोत दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. "फिक्या पट्ट्या तासून झाल्यात, काळ्या राहिल्यात. सालपटं बघ कशी वळलीयत, पात्याला धार आहे." मग मधल्या आणि उजवीकडच्या माणसावर बोट ठेवलं. "डोकी जवळ आलीयत दोघांची. गप्पा चालल्यात. गप्पांत हात एका लयीत पडतो, नाहीतर मनगट भरून येतं."

पाच वर्षांच्या कोर्समध्ये या चित्राबद्दल इतकं कुणी सांगितलं नव्हतं.

इंप्रेशनिस्ट आहे का? मागच्या खिडकीतून येऊन पाठींवर आणि लाकडावर घसरणारा उजेड बघितलात तर आहे. रेखाटन मात्र पक्कं तालमीतलं, कायबोत बोना या चित्रकाराकडे शिकलेला. माझ्या मते इंप्रेशनिस्ट मोनेच्या तळ्यातल्या लिलींच्या चित्रांपेक्षा हे चित्र कितीतरी धीट आहे आणि 'विषय हलका' म्हणणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी रंधा धरून बघावा.

हां, कायबोत मजुरांचा कैवारी वगैरे नव्हता. बापाची गडगंज इस्टेट मिळालेला, मोने-रन्वारची चित्रं विकत घेऊन त्यांना हात देणारा. तो 1894 मध्ये गेल्यावर वारसांनी हे चित्र सरकारला दिलं, आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. आणि माझं चित्र कायबोतच्या तोडीचं होतं असं मी म्हणत नाही. उजवा हात चुकलाच होता. पण मार्क हाताचे कापले नव्हते, अण्णांचे कापले होते. तुम्ही शिकत असाल तर काम करणारं घरचं माणूस खुशाल काढा, सरांना काय म्हणायचं ते म्हणू द्या.

मोबाईल परत देताना अण्णांनी उजव्या कोपऱ्यातली दारूची बाटली दाखवली. "माणसं तीन आणि ग्लास एकच?"