सिलिकॉन कार्बाइड, यिट्रिया आणि तुझी पहिली भट्टी

सिलिकॉन कार्बाइडची पावडर भट्टीत भाजून घट्ट करायला (सिंटरिंग) मदतनीस म्हणून अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) आणि यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) घेतोयस ते बरं केलंस. बोरॉन-कार्बनच्या वाटेने गेलास तर २१०० अंशांच्या आसपास जावं लागतं. ऑक्साइडच्या जोडीने १८५० ते २००० सेल्सिअसमध्ये काम होतं. १९८२ मध्ये ओमोरी आणि ताकेई या संशोधकांनी दाबाशिवाय हे करून दाखवलं, तेव्हापासून हा रस्ता रुळलेला आहे.

यिट्रिया वजन करण्याआधी भाजून घे. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ती धरून ठेवते, मग तुझं प्रमाण कागदावरच बरोबर राहतं. यॅगसाठी (या दोन ऑक्साइडांचं संयुग) वजनाने साधारण ५७ भाग यिट्रिया, ४३ भाग अ‍ॅल्युमिना. दोन्हींची मिळून भर १० टक्क्यांपासून सुरू कर.

खरी डोकेदुखी वजनघटीची. तापमान वाढलं की अ‍ॅल्युमिना कार्बाइडशी झगडते, कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू निघून जातात आणि गोळी (पावडर दाबून केलेला नमुना) सच्छिद्र राहते. म्हणून झाकणाची ग्रॅफाइट मूस, आत त्याच मिश्रणाची पावडर पसरून त्यात गोळी पुरायची, आणि आर्गॉन. निर्वात नको. भट्टीआधी आणि नंतर वजन लिहून ठेव. वही सांगते ते सूक्ष्मदर्शक नंतर सांगतो. कमाल तापमानावर उगाच तासन्‌तास थांबू नकोस.

आणि हो, सापेक्ष घनता (मोजलेली घनता भागिले सैद्धांतिक) काढताना नुसत्या सिलिकॉन कार्बाइडच्या ३.२१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरने भागू नकोस. यॅगची घनता ४.५५, त्यामुळे १० टक्क्यांना सैद्धांतिक आकडा ३.३१ च्या जवळ येतो. मी पहिल्यांदा १०१ टक्के काढून मिरवलो होतो.