घरात कोण, पॉलिसीत कोण

प्रश्न : मी ३८ वर्षांची, नोकरी करते. आईवडिलांची एकुलती एक. आई आता नाही. वडील ७१ वर्षांचे, सहा वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, ते आमच्याकडेच राहतात. घरात नवरा, ११ वर्षांचा मुलगा, दत्तक घेतलेली ४ वर्षांची मुलगी, ६६ वर्षांच्या सासूबाई आणि २९ वर्षांचा अविवाहित दीर. सासूबाईंना मधुमेह आहे. एजंट म्हणतो, लग्न झालेल्या मुलीला वडिलांचा विमा काढता येत नाही, दत्तक मुलीचं 'बघावं लागेल', आणि सासूबाईंची शुगर फॉर्मवर लिहूच नका, नाहीतर कोणी घेणार नाही. आम्हाला सगळ्यांची मिळून एकच पॉलिसी हवी आहे. कोण कोण बसेल?

उत्तर : एजंटाने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. पहिल्या दोन चुकांनी तुमचा वेळ जाईल, तिसरीने सासूबाईंचा क्लेम जाईल. म्हणून आधी तिसरीबद्दल लिहिते.

मी आरोग्यविम्याच्या क्लेम विभागात २७ वर्षं काढली. सुरुवातीच्या काळात एक वयस्कर गृहस्थ पत्नीच्या बायपासची कागदपत्रं घेऊन माझ्या टेबलापाशी आले होते. सगळी बिलं तारखेप्रमाणे लावलेली, प्रत्येकावर पेन्सिलने नंबर. केसपेपरच्या पहिल्याच ओळीत डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'आठ वर्षांपासून मधुमेह'. पॉलिसी होती दोन वर्षांची, आणि प्रपोजल फॉर्मवर मधुमेहाच्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलेलं. फॉर्म एजंटाने भरला होता, यांनी फक्त सही केली होती. 'ते म्हणाले तुम्ही सही करा, बाकी मी बघतो,' एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. क्लेम नामंजूर झाला. त्या पत्रावर सही माझी होती. नियम माझ्या बाजूने होता, तरी ते पेन्सिलचे नंबर मी आजवर विसरलेले नाही.

तेव्हा सासूबाईंचा मधुमेह लिहा. कधीपासून आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, शेवटचा रिपोर्ट काय आला, सगळं लिहा आणि भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा. लिहिल्याने काय होईल? एक तर कंपनी हप्ता वाढवेल किंवा आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी लावेल, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळणार नाही. २०२४ च्या नियमांनुसार हा काळ जास्तीत जास्त ३ वर्षांचा, पूर्वी तो ४ वर्षांपर्यंत असे. फार तर एखादी कंपनी नाही म्हणेल, मग दुसरीकडे अर्ज करायचा. पॉलिसी सलग ५ वर्षं चालली की माहिती दडवल्याचं कारण दाखवून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, हेही खरं. पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण मिळत नाही. 'पाच वर्षं गप्प बसा' असं सुचवणारे भेटतात. त्या पाच वर्षांत सासूबाई आजारी पडणार नाहीत याची हमी मात्र त्यांच्याकडे नसते.

आता नात्यांकडे येऊ. विमा कंपनी 'कुटुंब' कोणाला म्हणते ते पॉलिसीच्या व्याख्यांच्या पानावर छापलेलं असतं, आणि ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. नमुना म्हणून 'आरोग्य संजीवनी' घ्या. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२० पासून आरोग्यविमा विकणाऱ्या कंपन्यांना ही प्रमाणित पॉलिसी ठेवायला लावली. तिच्या कुटुंबात स्वतः, कायदेशीर जोडीदार, आईवडील, सासूसासरे, आणि ३ महिने ते २५ वर्षं वयाची अवलंबून असलेली मुलं येतात. 'पोटची किंवा कायदेशीर दत्तक' असे शब्द त्यात स्पष्ट आहेत. तुमच्या लेकीचं काहीही 'बघावं' लागणार नाही, दत्तकाच्या आदेशाची प्रत जोडा. लेकीने वडिलांना पॉलिसीत घेऊ नये असं त्यात कुठेही नाही. आईवडील आणि सासूसासरे दोन्ही लिहिले आहेत, मग प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी काढणारा, नवरा असो की बायको. प्रस्तावक तुम्हीच व्हा, हप्ता तुमच्या खात्यातून जाऊ द्या.

दीर मात्र या यादीत नाही. भाऊ, बहीण, नणंद, जाऊ यांना सामावून घेणाऱ्या मोठ्या कुटुंबाच्या योजना काही कंपन्यांकडे आहेत, पण मी तिकडे जायला सांगणार नाही. २९ व्या वर्षी, तब्येत ठणठणीत असताना, त्याची स्वतंत्र पॉलिसी स्वस्तात निघते. उद्या त्याचं लग्न झालं की त्याच पॉलिसीत बायकोला घेता येईल.

तुम्ही कोण बसेल ते विचारलंत. कोणाला बसवावं, हे तुम्ही विचारलं नसलं तरी सांगते. तुम्हाला हवी तशी सगळ्यांची एकत्र पॉलिसी म्हणजे फ्लोटर. त्यात विम्याची रक्कम सगळ्यांची मिळून एक असते आणि हप्ता बहुधा सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. तुमच्या घरात ते वय ७१ असेल. म्हणजे चार वर्षांच्या मुलीलाही घेणारी पॉलिसी आजोबांच्या वयाच्या दराने घ्यायची, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच वडिलांना रुग्णालयात ठेवावं लागलं तर उरलेलं वर्ष पाच जणांनी शिल्लक रकमेवर काढायचं. त्यापेक्षा तुम्ही, नवरा आणि दोन मुलं यांचा एक फ्लोटर घ्या. सासूबाईंची वेगळी पॉलिसी, वडिलांची वेगळी. वेगळ्या पॉलिसी म्हणून जास्त कर पडेल ही भीतीही नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण काढला आहे.

वडिलांचं वय आणि हृदयविकार पाहता काही कंपन्या नकार देतील. पूर्वी ६५ वर्षांपर्यंतच्या माणसांसाठी योजना ठेवल्या की कंपन्यांचं कर्तव्य संपत असे. एप्रिल २०२४ पासून प्रत्येक वयाच्या माणसासाठी योजना ठेवणं अपेक्षित आहे, त्यामुळे 'साठी-पासष्टी उलटली, आता काही नाही' हे उत्तर कोणी दिलं तर ऐकून घेऊ नका. तरीही एखादा विशिष्ट अर्ज कंपनी नाकारू शकते. पॉलिसी एकदा मिळाली की नुसतं वय वाढलं किंवा क्लेम झाला म्हणून नूतनीकरण थांबवता येत नाही. जानेवारी २०२५ पासून तर ६० वर्षांवरील लोकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी प्राधिकरणाशी बोलावं लागतं.

आणि खाजगी पॉलिसी मिळो न मिळो, वडिलांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ७० पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचं संरक्षण त्यावर मिळतं. खाजगी विमा असला तरी हे कार्ड मिळतं. वय आधारवरचं धरतात, तेव्हा आधारवरची जन्मतारीख आधी तपासा.

प्रश्न : मुलगी स्कूटरवरून पडली. जबड्याचं हाड मोडलं, पुढचे दोन दात तुटले. जबड्याच्या ऑपरेशनचं बिल कंपनीने दिलं. साडेतीन महिन्यांनी दंतवैद्याकडे रूट कॅनल करून कॅप बसवल्या, तो खर्च मात्र नाकारला. अपघात तर एकच! घरातल्या सगळ्यांच्या दातांसाठी वेगळा विमा मिळतो का?

उत्तर : तुमचा संताप मला समजतो, आणि असे क्लेम मी खूप पाहिले आहेत. आपल्याकडचा आरोग्यविमा मुळात रुग्णालयात दाखल होण्याचा विमा आहे. रुग्णालय म्हणजे काय तेही ठरलेलं आहे : एक तर तशी सरकारी नोंदणी हवी, किंवा १० लाखांहून कमी लोकवस्तीच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र १५, शिवाय चोवीस तास परिचारिका आणि डॉक्टर. दातांच्या दवाखान्यात खुर्ची असते, खाट नसते. त्यामुळे तपासणी, सिमेंट भरणं, रूट कॅनल, कॅप, कवळी हे सगळं बाह्यरुग्ण उपचारांत जातं आणि साध्या पॉलिसीत ते मिळत नाही.

तुमच्या बाबतीत एक धागा आहे. दाखल झाल्याच्या आजाराचा किंवा इजेचा पुढचा खर्च घरी आल्यानंतर काही दिवसांपर्यंत मागता येतो. आरोग्य संजीवनीत हे ६० दिवस आहेत, इतर पॉलिसींत ९० किंवा १८०ही असतात. तुमच्या पॉलिसीत १८० असतील तर गप्प बसू नका. दात त्याच अपघातात तुटल्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर आहे का ते पाहा, शल्यचिकित्सकांकडून 'दातांचे उपचार जबडा जुळून आल्यावर करायचे होते' असं लेखी घ्या, आणि कंपनीच्या तक्रार कक्षाकडे पाठवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही. साठच दिवस असतील तर मात्र आशा थोडी आहे, खोटा धीर देत नाही.

निव्वळ दातांचा कौटुंबिक विमा आपल्याकडे क्वचितच दिसतो. मिळतं ते बाह्यरुग्ण उपचारांचं जोड-संरक्षण, त्याला वेगळी मर्यादा आणि बऱ्याचदा प्रतीक्षा कालावधी. जादा हप्ता किती आणि वर्षाची मर्यादा किती, हे दोन आकडे शेजारी मांडा. त्यांत फारसं अंतर नसेल तर तेच पैसे बाजूला ठेवलेले बरे. दात सरळ करण्याच्या तारा आणि केवळ दिसण्यासाठीचे उपचार बहुतेक ठिकाणी वगळलेलेच असतात.

एक गोष्ट आवर्जून : तोंडाचा कर्करोग म्हणजे दातांचा उपचार नव्हे. तंबाखूने झालेली गाठ काढताना दात काढावे लागले म्हणून कोणी 'डेंटल' म्हणत क्लेम अडवत असेल, तर ते मान्य करू नका.

प्रश्न : मुलगा २३ वर्षांचा, नुकताच नोकरीला लागला. आमच्या फ्लोटरमध्ये राहू शकेल का? त्याच्या कंपनीचा विमा आहेच.

उत्तर : चालू वर्ष संपेपर्यंत राहील. पुढच्या नूतनीकरणाला नाही, कारण १८ वर्षांवरचं मूल कमावतं झालं की त्याला अवलंबून धरत नाहीत. २५ ची मर्यादा न कमावणाऱ्यांसाठी आहे. पण नोकरीचा विमा नोकरीबरोबर जातो. म्हणून नूतनीकरणाच्या आधीच तुमच्या विमा कंपनीला लिहा, की याला तुमच्याच वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतरित करा. अशाने तुमच्या फ्लोटरमध्ये त्याने काढलेला प्रतीक्षेचा काळ मोजला जातो, पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागत नाही.

प्रश्न : आमचा मुलगा ३१ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. वय जास्त म्हणून फ्लोटरमधून त्याचं नाव गेलं. आमच्या पश्चात त्याचं काय, या विचाराने झोप येत नाही.

उत्तर : तुम्हाला उत्तर उशिरा द्यायचं नव्हतं, म्हणून रांग मोडून हे पत्र घेतलं. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' आरोग्यविमा योजना आत्ममग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी आहे. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, त्यात बाह्यरुग्ण तपासण्या, थेरपी आणि दातांचे प्रतिबंधक उपचारही येतात. आधी पैसे भरून मग परत मागावे लागतात, हे लक्षात ठेवा. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

१ लाख पुरणार नाहीत, हे मलाही दिसतं. फेब्रुवारी २०२३ पासून दिव्यांग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असणाऱ्यांसाठी प्रत्येक सर्वसाधारण आणि आरोग्यविमा कंपनीने योजना ठेवणं बंधनकारक आहे. शाखेत जाऊन तिचाच फॉर्म मागा. 'अशी योजना नाही' म्हणाले तर तेवढंच वाक्य सही-शिक्क्यासह लिहून मागा, आणि ते पत्र मला पाठवा.